ताटाबाहेरचा भात

तांदूळ कधीही एका पिशवीतून घरात आणायचा नाही, ही त्या घराची पहिली अट होती. भाडं किती, स्वयंपाकघर वापरता येईल का, हे सगळं त्यानंतर. मी नुकतीच पुण्याहून नोकरीसाठी सिंगापूरला आले होते. टॅम्पिनीसमधल्या एका मराठी जोडप्याच्या फ्लॅटमधली एक खोली बघायला गेले, तर घरमालक मला सोफ्यावर बसवून पोतं कसं भरावं ते शिकवायला लागले. एक पिशवी, ती दुसऱ्या पिशवीच्या आत, आणि आतली कधीही काठोकाठ भरायची नाही.

"भरगच्च पोतं पडलं की फुटतं. अर्धपोटी पोतं वाचतं. लक्षात ठेव," ते म्हणाले.

मी मान डोलावली. खोलीला खिडकी छान होती आणि एमआरटी स्टेशन पाच मिनिटांवर होतं. तेवढ्यासाठी माणूस बरंच काही ऐकून घेतो.

मी त्यांना काका म्हणायचे. तेव्हा ते साठीला टेकले होते. बुटके, गोलसर, कायम इस्त्रीच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. मुलगी लग्न होऊन ऑस्ट्रेलियात, त्यामुळे घरात ते आणि काकू दोघंच. हार्बरफ्रंटला मालवाहतुकीच्या एका कंपनीत पॅकिंगचं खातं त्यांच्याकडे होतं. या कंपनीचं त्यांच्यावाचून पान हलत नव्हतं, आणि त्यांच्यामुळे धड एक पानही सरळ हलत नव्हतं. एकदा घराची किल्ली विसरले म्हणून मी तिथे गेले, तर काका गोदामात एका उंच शिडीवर उभे होते, हातात खोकं, आणि खाली सगळी माणसं भिंतीला चिकटलेली. काकांनी खोकं सोडलं. ते दाणकन आपटलं. काका उतरले, खोकं उघडलं, आतला काचेचा दिवा वर करून सगळ्यांना दाखवला आणि मगच माझ्याकडे बघितलं. त्यांचा चिनी साहेब माझ्या शेजारी उभा होता. तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "युअर अंकल, एव्हरी टाइम ऑल्सो लाइक धिस." पण त्याने त्यांना कधी थांबवलं नाही, कारण त्यांनी बांधलेल्या मालाची तक्रार म्हणून येत नसे.

घरातही तोच प्रकार. माझा डबा ते स्वतः बांधायचे आणि तो मी रागाच्या भरात ऑफिसच्या खिडकीतून फेकला असता तरी आमटी सांडली नसती. सुपरमार्केटमधली काउंटरवरची बाई त्यांना लांबून बघूनच जास्तीची पिशवी काढून ठेवायची. आता मी सेरंगूनला राहते, मला लेक आहे, आणि मीसुद्धा तांदूळ दोन पिशव्यांतून आणते. लेक म्हणते, "आई, वन बॅग इनफ लाह." मी तिला काकांचं नाव सांगते आणि ती डोळे फिरवते.

त्यांची दुसरी खोड विमानांची. जवळच हवाई दलाचा तळ असल्यामुळे आमच्या डोक्यावरून लढाऊ विमानं आकाश फाडत जायची. बाकीचे शेजारी पोराबाळांना घेऊन कॉरिडॉरमध्ये धावायचे. काका मान वर करायचेसुद्धा नाहीत. "आले मिरवायला," म्हणायचे आणि पेपर वाचत राहायचे. पण एखादं मालवाहू विमान, जाडजूड, चार पंख्यांचं, घरघरत निघालं की ते हातातलं काम टाकून उभे राहायचे. जेवत असले तर खरकट्या हाताने उभे. विमान दिसेनासं झालं की बसून पुढचा घास.

"लढाऊ विमानवाल्यांचे पुतळे होतात," ते एकदा म्हणाले, "आणि भात नेणाऱ्यांचा हिशेबसुद्धा कुणी ठेवत नाही. लढाई साहेबाची होती गं, पण भात आपला होता."

कुठली लढाई, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि विचारायची सोय नव्हती, कारण काकांना काही विचारलं की उत्तर पोत्यापासून सुरू व्हायचं.

तिसरी गोष्ट मात्र खोड म्हणण्यासारखी नव्हती. जेवायला बसलं की काका पहिल्या वाढीतला चिमूटभर भात उचलून ताटाच्या बाहेर ठेवायचे. मला आधी वाटलं चित्राहुती असेल. पण चित्राहुतीला पाणी फिरवतात, आणि काका तर घरातल्या देवाकडे ढुंकून बघत नसत. शिवाय तो भात ताटाजवळ नसायचा. चांगला हातभर लांब, टेबलाच्या कडेला, एकटाच पडलेला असायचा. जेवण झालं की काकू न बोलता तो फडक्याने टिपून घ्यायच्या. मी एकदा मदत करायच्या उत्साहात आधीच पुसून टाकला, तर काका ताटावर बसले होते ते तसेच बसून राहिले. काकूंनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

त्या शनिवारी मेथी निवडताना काकूंनी मला सांगितलं.

"माझे सासरे दुसऱ्या महायुद्धात होते. हातात बंदूक नव्हती, पोतं होतं. साताऱ्याकडचा वीस वर्षांचा पोरगा. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला होता, आणि गोऱ्या साहेबाची फौज, म्हणजे त्यात आपलीच माणसं जास्त, तिकडे डोंगरात अडकलेली. रस्ते तुटलेले. मग डकोटा विमानांच्या स्क्वॉड्रन होत्या, त्या रोज वरून शिधा टाकायच्या. पुढे गोरा वैमानिक, मागे आपली पोरं. विमानाचं दार काढूनच टाकलेलं. तांदळाची पोती बिनछत्रीची टाकायची, म्हणून दुहेरी बांधायची, आणि सैल."

"म्हणजे अर्धपोटी," मी म्हणाले.

"हां. विमान खाली यायचं. खाली आपल्या माणसांनी पांढऱ्या कापडाचा टी मांडलेला असायचा, इंग्रजी टी. घंटी वाजली की ह्या पोरांनी पाठीवर पडून दोन्ही पायांनी पोती ढकलायची. घंटी थांबली की थांबायचं. एकदा एका ठाण्याला वेढा पडला होता. खालच्यांना किती दिवसांत अन्न नव्हतं. घंटी वाजली, आणि सासऱ्यांचं पोतं दारात अडकलं. लाथा मारमारून हलेना. घंटी थांबली, आणि तेव्हाच ते सुटलं. त्याच्यामागचा सगळा ढीग घसरत गेला. टेकडीच्या पलीकडे. पलीकडे जपानी आहेत असं सगळे सांगत होते. ढग उतरले, विमान परत फिरलं. दुसऱ्या दिवशी त्यांची स्क्वॉड्रन दुसरीकडे गेली. त्या ठाण्याचं काय झालं ते सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

मी मेथी निवडायची थांबले होते. काकूंनी जुडी माझ्यापुढे सरकवली.

"तेव्हापासून ते जेवताना भात बाहेर ठेवायचे. चुकलेला भात म्हणायचे. ते गेल्यावर ह्यांनी ते उचललं. मी म्हटलं, अहो, वडिलांचं दुसरं काही उचला, त्यांचा गळा गोड होता. तर नाही."

सासऱ्यांना जन्मभर एकच प्रश्न होता, असं काकू म्हणाल्या. ती पोती फुटली असतील का? फुटली असली तर तांदूळ चिखलात गेला. निदान शत्रूच्या पोटात तरी गेला नाही. पण पोती त्यांनी स्वतः बांधली होती, आणि त्यांच्या हातचं पोतं फुटत नाही असा त्यांचा सगळीकडे लौकिक होता. म्हणजे ज्या कामाचा अभिमान वाटायचा तेच काम बिघडलं असावं, अशी प्रार्थना करत माणूस म्हातारा झाला. काकांच्या वाट्याला वारशात ही प्रार्थना आली होती.

"मी ह्यांना म्हटलं होतं, पलीकडे नुसते जपानी थोडेच होते? आझाद हिंदची आपली पोरंही होती. त्यांनी खाल्लं असेल," काकू म्हणाल्या. "तर म्हणतात, ज्यांना पोचवतो म्हणून सांगितलं होतं ते उपाशी राहिले ना."

हे ऐकल्यापासून मी त्यांची चेष्टा करायचं सोडलं, असं म्हणायला आवडलं असतं. पण दोन महिन्यांतच काकांनी असं काही केलं की चेष्टा सोडाच, मला माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, डोळ्यांसमोर फाटताना दिसला.

वडिलांच्या पुण्यतिथीच्या सकाळी काकांनी जाहीर केलं की आज पोतं टाकून बघायचं. वडील बांधायचे तसंच, त्याच मापाने सैल, खऱ्या तागाच्या दोन पोत्यांत. आमच्या चौथ्या मजल्याच्या कॉरिडॉरमधून, खालच्या हिरवळीवर.

"अहो, चौथा मजला आणि विमान एकच का?" काकू म्हणाल्या.

"इथून फुटलं तर विमानातून फुटलंच असणार. साधं गणित आहे."

"आणि नाही फुटलं तर?"

काका सुतळी शोधायला लागले.

सिंगापुरात राहिलेल्या माणसाला हे सांगायला नको की इथे मजल्यावरून खाली वस्तू टाकणं हा सरळ गुन्हा आहे. आमच्या लिफ्टमध्ये त्याचं मोठं चित्र लावलेलं होतं. सहाव्या मजल्यावरच्या कठड्यावरची कुंडी धोकादायक आहे, अशी तक्रार खुद्द काकांनी केली होती. रस्ता रिकामा असला तरी हिरवा दिवा लागेपर्यंत उभा राहणारा हा माणूस. पण त्यांच्या मते हे टाकणं नव्हतंच. त्यांनी हिरवळीभोवती काकूंच्या साड्यांचा दोर बांधला, मध्यभागी दोन पांढऱ्या चादरींचा टी मांडला, मला देवघरातली घंटी दिली आणि खाली उभं केलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघून मी वाजवायची आणि लांब पळायचं. मी का तयार झाले? खाली निघताना काकू हळूच म्हणाल्या होत्या, "कर एवढं. एकदाचं होऊ दे."

इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत, खांबांच्या आत, दुसऱ्या मजल्यावरच्या आजी नेहमीसारख्या बाकावर बसल्या होत्या. त्या ब्रह्मदेशातल्या, चिन टेकड्यांमधल्या. मुलगा इथे इंजिनियर, त्याच्याकडे राहायला आलेल्या. आजींना इंग्रजी येत नसे आणि आमच्यापैकी कुणाला त्यांची भाषा येत नसे. दोन वर्षं काका रोज ऑफिसला जाताना त्यांना "मॉर्निंग" म्हणायचे आणि त्या हसून मान हलवायच्या. त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. हिरवळीवरच्या चादरींकडे बघत होत्या, आणि मग खांबांच्या कडेपर्यंत येऊन त्यांनी आकाशाकडे बघितलं. मला वाटलं, पावसाचा अंदाज घेतायत.

मी त्यांना हाताने मागे सरकायला सांगितलं, इकडेतिकडे बघितलं आणि घंटी वाजवली.

वर काकांनी पोतं कठड्यावर ठेवलं होतं. काकूंनी मागून त्यांचा शर्ट घट्ट धरला होता, पोत्याबरोबर नवरा जाऊ नये म्हणून. पोतं खाली आलं. चादरींच्या बरोब्बर मधोमध आपटलं, अंग टाकून बसलं आणि तसंच राहिलं. मी धावत गेले, चारी बाजूंनी बघितलं आणि आनंदाने ओरडले, "काका, फुटलं नाही!"

ओरडल्यावर मला कळलं मी काय ओरडले ते.

काका खाली आले ते जिन्याने, एकेक पायरी. त्यांनी पोतं चाचपलं. बाहेरची शिवण जशीच्या तशी होती. ते हिरवळीच्या कडेच्या कट्ट्यावर बसले. काकू मागोमाग आल्या. "अहो, नाही फुटलं म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही. तुमचंच गणित आहे," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "बाबा चांगलं बांधायचे गं." इतकंच. असा हरलेला माणूस मी जवळून पहिल्यांदा बघितला आणि मला त्यांच्या वडिलांचा, त्या विमानाचा, साहेबाच्या सगळ्या लढाईचा राग आला.

तेवढ्यात पोलीस आले. कुणीतरी समोरच्या इमारतीतून फोन केला होता. दोघंही तरुण, एक मलाय मुलगा आणि एक तमिळ मुलगी, अतिशय नम्र. नम्र पोलिसांची मला जास्त भीती वाटते.

"अंकल, धिस वन यू थ्रो, अ?" मुलाने विचारलं.

काका उभे राहिले. "आय डिड नॉट थ्रो," ते म्हणाले. "आय डिलिव्हर्ड."

काकूंनी कपाळाला हात लावला. पोलीस मुलीने वर चौथ्या मजल्याकडे बघितलं, चादरींकडे बघितलं, माझ्या हातातल्या घंटीकडे बघितलं. मी घंटी पाठीमागे लपवली. ती वाजली.

आणि मग आम्हा सगळ्यांच्या मधून, काठी टेकत, त्या आजी आल्या. साडीच्या दोराखालून वाकून आत शिरल्या आणि पोत्यापाशी उकिडव्या बसल्या. पोलीस मुलगा "आँटी, प्लीज" म्हणत पुढे झाला, पण त्यांनी बघितलंही नाही. बाहेरच्या पोत्याचं तोंड सोडलं. आत हात घातला. आतलं दुसरं पोतं हाताला लागलं तेव्हा त्या थांबल्या. मग त्यांनी मान वर करून आपल्या घराच्या खिडकीकडे बघत जोरात हाक मारली.

त्यांचा इंजिनियर मुलगा धावत खाली आला. आजी बोलत होत्या, पोत्यात पोतं घालतात तसं एक हात दुसऱ्या हाताच्या मुठीत घालून दाखवत होत्या, आणि तो ऐकता ऐकता आमच्याकडे वळला.

"सॉरी अंकल," तो इंग्रजीत म्हणाला. "आई म्हणते, ही पोती तिला माहीत आहेत. तिच्या लहानपणी अशीच आकाशातून पडली होती. पोत्याच्या आत पोतं. पूर्ण न भरलेलं. हे तुम्हाला कसं माहीत, असं विचारतेय."

काका पोत्याकडेच बघत होते. काकूंनीच विचारलं, "कुठे पडली होती?"

आजी सांगत गेल्या, मुलगा सांगत गेला, आणि पोलीसही आपली वही खाली धरून ऐकत राहिले. लढाईच्या त्या वर्षी त्यांच्या गावाला शेत पेरता आलं नव्हतं. दोन्हीकडच्या फौजांच्या भीतीने सगळं गाव टेकडीच्या उतारावर रानात लपलेलं होतं. मुळं उकडून खात होते. आजींचा धाकटा भाऊ तान्हा होता आणि त्यांच्या आईला दूध येत नव्हतं. एके दिवशी विमान आलं. खाली दूर कुठेतरी पांढरं कापड मांडलेलं होतं, पण विमान टेकडीवरून पुढे आलं आणि पोती त्यांच्या रानात पडली.

"आणि जपानी?" काका मध्येच म्हणाले. "जपानी नव्हते तिथे?"

मुलाने विचारलं. आजींनी हात झटकला.

"ती म्हणते, सगळे म्हणायचे तिथे जपानी आहेत. तिथे फक्त आम्ही होतो."

काका पुढे येऊन आजींच्या समोर, ओल्या गवतात, इस्त्रीच्या पँटीने बसले. त्यांना अजून एक विचारायचं होतं.

"फुटली होती का? पोती?"

आजी हसल्या. एक बोट वर केलं. एक फुटलं, त्यातला दाणा न् दाणा पोरांनी वेचला. बाकीची धड होती. पुढचं पीक येईपर्यंत गावाने तोच तांदूळ खाल्ला. तान्हा भाऊ वाचला, मोठा झाला, त्याला नातवंडं झाली. रिकाम्या पोत्यांची पोरांना कुडती शिवली होती, खूप टोचायची, असं म्हणून आजींनी दंडावर खाजवून दाखवलं.

"फुटली नाहीत," काका मला मराठीत म्हणाले, जणू मी काही ऐकलंच नव्हतं. "बाबांनी बांधलेली होती ना."

मग त्यांचाच धीर सुटला. "पण ते आमचं विमान नसेलही. शेकडो विमानं जायची," ते म्हणाले.

"नसेल," काकू म्हणाल्या. "पण कुणाच्या तरी बापाचं होतंच ना? त्याचाही मुलगा कुठेतरी भात बाहेर ठेवत बसला असेल."

पोलिसांनी नावं लिहून घेतली. पुढे काकांना कडक ताकीद मिळाली आणि प्रकरण तिथेच मिटलं. माझं नाव त्यात कुठेच आलं नाही. ते कळल्यावर मी ऑफिसच्या जिन्यात बसून पाच मिनिटं नुसता श्वास घेतला. जाताना तो मलाय मुलगा काकांना म्हणाला होता, "अंकल, नेक्स्ट टाइम डोन्ट डिलिव्हर, ओके?" आणि काकांनी खरंच पुन्हा काही टाकलं नाही. गोदामातली शिडी सोडून.

ठाण्यावरच्या त्या उपाशी माणसांचं काय झालं, ते आम्हाला कळलं नाही. आता कळणारही नाही. काकांनी ते तोंडाने बोलून दाखवलं, विसरले नाहीत. पण त्या दुपारी त्यांचा चेहरा असा होता की खूप दिवसांचा ताप उतरलेला माणूस गादीवर उठून बसतो आणि खिडकी उघडा म्हणतो.

पोत्यातला निम्मा तांदूळ काकूंनी आजींना दिला आणि निम्मा पुण्यतिथीच्या जेवणाला शिजवला. आजी आणि त्यांचा मुलगाही जेवायला होते. वरण, भात, अळूची भाजी. काका ताटावर बसले आणि सवयीने त्यांचा हात गेला. चिमूटभर भात उचलून टेबलाच्या कडेला ठेवला. समोर आजी वरणभात कालवत होत्या, आम्हा सगळ्यांपेक्षा सफाईने. काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात लांब करून तो भात उचलला, आपल्या ताटात घेतला, वरणात मिसळला आणि खाल्ला.

काकू फडकं घेऊन शेजारी उभ्या होत्या. त्यांनी टेबलाच्या रिकाम्या कडेकडे बघितलं आणि त्या फडक्याने स्वतःचे डोळे पुसले.

"अजून थोडा भात वाढ," काका म्हणाले.

"बेताने हं," काकू म्हणाल्या. "अर्धपोटी पोतं वाचतं." आणि त्यांनी ताट काठोकाठ भरलं.